बिनउंबरठ्याचं दार

टक्.

खारू नुकतीच झोपली होती. तिच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घेण्यात सूनबाईची अर्धी दुपार गेली होती. घर इतकं गप्प होतं की फ्रिजची घरघरसुद्धा उद्धटपणाची वाटावी. तिने चहासाठी पातेलं उचललं, आणि मागच्या खोलीतून तो आवाज आला. जरा थांबून पुन्हा एकदा, टक्.

आवाज ओळखीचा होता. सासऱ्यांच्या चार पायांच्या काठीचा पुढचा पाय मागच्या दाराच्या उंबरठ्यावर आपटला, की असाच आवाज व्हायचा.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा तशी हाक मारली आणि तीच हाक घरभर रुळली. नवरा चिडवायला मारायचा, आणि साडेतीन वर्षांची खारू रुसली की कंबरेवर हात ठेवून "ए सूनबाई, मी जेवणार नाही!" म्हणायची.

ती मागच्या खोलीत गेली. बाबा दारापाशी उभे होते. आजारपणाने त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय अर्धवट झोपवून ठेवला होता. जीभही जरा जड झाली होती. पण डोकं लख्ख होतं. डाव्या हातात काठी, समोर जुनं लाकडी दार, खाली फुगून वर आलेला उंबरठा. उंबरठ्यावर काठी टेकवावी तर चारातले दोन पाय वर, दोन खाली, आणि काठी डुगडुगणार. दार ढकलायला हात मोकळा करावा, तर काठी आडवी होणार.

"बाबा, हाक मारायची ना मला."

"तेच तर." ते हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले. "प्रत्येक वेळी हाक. पाणी हवं, हाक. दिवा लावा, हाक. बाहेर जायचं, हाक. नवं दार बसवताय ना तुम्ही?"

"हो, रविवारी बघायला जाणार आहोत."

"मग एवढं बघा." त्यांनी काठीने उंबरठा ठोकला. "हे नको. मला कुणाला हाक न मारता बाहेर जायचंय. बास. बाकी दार तुमच्या आवडीचं घ्या. सोन्याचं घ्या."

बाहेर म्हणजे काही लांब नाही. मागे फरशी घातलेलं लहानसं अंगण, भिंतीवर चढवलेला वेल, वेलाखाली एक लोखंडी खुर्ची. कुंपणापलीकडे रस्ता. त्या रस्त्यावरून बस जाते. बाबांनी उभं आयुष्य बस चालवली होती. समोरचा खटका ओढून हजारो लोकांसाठी दार उघडलं होतं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचा पाय पायरीवर नीट पडेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून थांबले होते. आणि आता त्यांच्या स्वतःच्या घरात, स्वतः बांधलेल्या घरात, त्यांच्यासाठी दार उघडायला दुसऱ्या कुणाची तरी झोप मोडावी लागत होती.

"नाही ठेवत उंबरठा," ती म्हणाली. तिला वाटलं, एवढीशी तर गोष्ट.

रविवारी शोरूममध्ये चौघं गेले. नवरा, ती, खारू, आणि नवऱ्याची थोरली बहीण. ताईंना बोलावलं नव्हतं, पण ताईंना बोलवावं लागत नाही. माहेरच्या घरात खिळा ठोकायचा झाला तरी त्या हातोडीच्या आधी हजर.

आत काचाच काचा. एका लांबलचक लाकडी चौथऱ्यावर सरकती दारं ओळीने उभी केलेली, आणि प्रत्येक दारामागे भिंतीला चिकटवलेलं हिरव्यागार बागेचं चित्र. दार सरकवायचं, आणि चित्रावर नाक आपटायचं. खारूने ते खरोखरच आपटलं. मग रडायचं की हसायचं हे न ठरल्याने तिने काचेला जीभ लावून बघितली.

"सर, हे बघा," सेल्समन म्हणाला. त्याचा आवाज लोण्यात बुडवून काढल्यासारखा होता. "दोनच मोठ्या काचा. मधे चौकट जवळजवळ नाहीच. घरात बसल्या बसल्या पूर्ण बाग दिसणार."

"यात उंबरठा किती उंच येतो?" सूनबाईने विचारलं.

"सर, याच्या काचा डबल आहेत. रस्त्याचा आवाज येणार नाही."

"उंबरठा?"

"ते स्टँडर्ड असतं मॅडम." आणि पुन्हा नवऱ्याकडे वळून, "सर, रंगात चार पर्याय आहेत. मॅडमना रंग दाखवू का?"

म्हणजे रंग मॅडमचे आणि दार सरांचं! ती चौथऱ्यावर चढली आणि दाराखालच्या पट्टीवर हाताची बोटं आडवी ठेवली. तीन बोटं भरली.

"हे एवढं? आमच्याकडे वयस्कर माणूस आहे. काठी घेऊन चालतात. त्यांना हे ओलांडता येणार नाही. जमिनीच्या बरोबरीने नाही का बसवता येत?"

"तसं केलं की पावसाचं पाणी आत येतं मॅडम. कुणीच करत नाही."

"कुणीच?"

"अगं, कशाला त्याच्या मागे लागतेस?" ताई मधे पडल्या. "बाबांना आता कुठे बाहेर जायचंय? पडलेबिडले म्हणजे? काचेतून दिसेलच की सगळं. म्हणून तर एवढी मोठी काच घेतोय आपण!"

सूनबाईच्या कानशिलापाशी काहीतरी तडतडलं. काचेतून दिसेलच की! भुकेल्याला ताटाचा फोटो दाखवावा आणि वर पोट भरलं का म्हणून विचारावं, तशातला प्रकार. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा दाराच्या मुठीकडे असा निरखून बघत होता, जणू आयुष्यात मूठ प्रथमच पाहतोय.

"तू बोल ना काहीतरी."

"अगं, तो म्हणतोय ना पाणी येतं म्हणून. आणि बाबा जातातच कितीदा?"

"जातात कितीदा? उंबरठा आहे म्हणून जात नाहीत! तू त्यांना विचारलंस कधी?"

"घरी बोलू."

घरी बोलू म्हणजे काय, ते प्रत्येक बायकोला माहीत असतं. घरी गेल्यावर कुणी बोललं नाही. ताईच बोलल्या, त्याही बाबांसमोर, पण बाबांशी नव्हे. "बाबांना छान आरामखुर्ची घेऊ. दारासमोरच ठेवू. ऊन पण मिळेल, वारा लागणार नाही." घरात नवं कपाट येणार असावं आणि ते कुठे ठेवायचं याचा खल चालावा, तसं. बाबा आपल्या चालत्या हाताने न चालत्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत बसले होते. मान वर केली नाही.

स्वयंपाकघरात सूनबाईने भांडी घासली की बडवली, हे भांड्यांनाच माहीत.

तिला सगळ्यात जास्त कशाचा राग आला होता? ताईंचा नव्हे. ताई निदान तोंडाने बोलत होत्या. सेल्समनचा होता, नवऱ्याचा त्याहून जास्त होता, पण खरा राग होता तो त्या "कुणीच करत नाही"चा. खारूला ढकलगाडीत घालून फिरण्याच्या दिवसांत तिने हे "कुणीच" फार जवळून पाहिलं होतं. दुकानाला पायऱ्या, बँकेला पायऱ्या, बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यालासुद्धा पायऱ्या! पुढची चाकं उचलायची, मग मागची, आणि मागून येणाऱ्या माणसाने घड्याळ बघायचं. तिची ढकलगाडी सुटली, मूल चालायला लागलं, आणि तीही विसरली. बाबांची काठी काही सुटणार नव्हती.

"बाबा," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कपडे बदला. आपण दार बघायला जाऊ."

"मी?"

"मग कोण? घर कुणाचं?"

बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. बटणं लावायला नेहमी खारू मदत करायची, त्यामुळे एक बटण एका घराने वर गेलं. ते तसंच ठेवून तिघं टॅक्सीत बसले.

शोरूमला समोर पायऱ्या होत्या. रविवारी चढताना तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आज मात्र तिला त्या पायऱ्यांचा असा संताप आला की सेल्समन बाहेर येईपर्यंत तिचे गाल लाल झाले होते.

"अरे मॅडम! सर नाही आले?" मग बाबांकडे नजर गेल्यावर आवाज एकदम खाली आला, आजाऱ्याच्या खोलीत येतो तसा. "आजोबांना गाडीतच बसवायचं का? पाणी देऊ का त्यांना?"

"त्यांनाच विचारा. कान शाबूत आहेत त्यांचे. आणि गाडीत बसायला नाही आले, दार घ्यायला आलेत. गिऱ्हाईक ते आहेत."

"नको पाणी," बाबा म्हणाले. "आत कसं यायचं, ते सांगा."

सेल्समनने पायऱ्यांकडे पाहिलं. काठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागून घेऊ. मागे माल उतरवायचा रस्ता आहे."

माणूस म्हणजे काय माल आहे, म्हणून मागून न्यायचं! ती फणकारणार होती, पण बाबा केव्हाच निघाले होते. टक्, पाय, पाय. टक्, पाय, पाय. खारू त्यांच्या पुढे पुढे, "बाजूला व्हा, आजोबा येताय्त" अशी रिकाम्या गल्लीला दरडावत चालली होती.

मागे गोदाम. त्याला एक रुंद सरकतं दार. बाबांनी दारापुढे काठी टेकली. काठी आपल्या चार पायांवर शहाण्यासारखी उभी राहिली. त्यांनी डाव्या हाताने मूठ धरून दार ओढलं. दार बिनबोभाट सरकलं. त्यांनी काठी उचलली, पुढे टेकली, आत गेले.

टक् झालं नाही.

सूनबाई जागच्या जागी थांबली. खाली पाहिलं. उंबरठा नव्हताच. दाराचा रूळ जमिनीत गाडलेला होता, आतली फरशी आणि बाहेरची फरशी एकाच पातळीत. बाहेरच्या बाजूला दारालगत एक बारीक पन्हळ, तिच्यावर जाळी.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"कुठे काय? हे गोदामाचं दार आहे मॅडम."

"याला उंबरठा कुठे आहे?"

"याला कसा असेल? काचांच्या गाड्या येतात ना इथून. चाकाला जरा धक्का बसला तरी काच तडकते. म्हणून रूळ खाली घेतलाय."

"आणि पावसाचं पाणी?"

"ते त्या जाळीतून..." सेल्समन म्हणाला. बोलता बोलता आपण कुठे येऊन पोचलो, ते त्याच्या त्यालाच दिसलं.

"वा!" सूनबाई म्हणाली. तिचा आवाज गोदामभर घुमला. काचा बांधणारी दोन माणसं मान वळवून बघू लागली. "म्हणजे काचेला ठेच लागू नये म्हणून तुमच्याकडे सोय आहे, आणि माणसाला मात्र स्टँडर्ड! काल मला काय सांगितलंत? कुणीच करत नाही! तुम्ही स्वतः करताय की! स्वतःच्या दुकानात करताय! माझे सासरे काचेचे असते तर बसवलं असतंत ना असं दार?"

"मॅडम, तसं नाही, हे खास करून घ्यावं लागतं..."

"मग खास करून द्या! आम्ही काय सामान्य माणसं आहोत?"

बाबांना हसू आलं. आजारपणानंतर त्यांचं हसू एकाच बाजूला उमटायचं, पण ती बाजू कानापर्यंत जायची. ते पुन्हा दाराबाहेर गेले. पुन्हा आत आले. आणखी एकदा बाहेर. खारू प्रत्येक वेळी "तिकीट! तिकीट!" ओरडत होती.

"हेच," बाबा सेल्समनला म्हणाले. "रंग तुमच्या मॅडमना विचारा."

घरी मग जे व्हायचं ते झालं. ताई फोनवर म्हणाल्या, "गोदामाचं दार घरात? लोक काय म्हणतील?" सूनबाई म्हणाली, "लोक आधी आत तर येऊ देत, सहज चालत." नवरा दोन दिवस फुगून बसला. मग एका संध्याकाळी त्याने बापाला जुन्या उंबरठ्यापाशी उभं असलेलं पाहिलं, काठी डुगडुगताना पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन करून दार पक्कं केलं. घरी आल्यावर बायकोला एवढंच म्हणाला, "झालं समाधान?" ती म्हणाली, "माझं कशाला? त्यांना विचार." आणि तो खरंच आत जाऊन विचारून आला.

दार बसवायच्या दिवशी ताई आल्याच. सगळीकडून बघून झाल्यावर त्यांना दोष काढायला जागा सापडेना, तेव्हा म्हणाल्या, "पण खारूचं काय? इतकं हलकं सरकतंय. तुझा डोळा चुकवून गेली रस्त्यावर म्हणजे? वर एक कडी तरी लावून घे."

हे मात्र सूनबाईला पटलं. भांडणात एवढं तरी दिलं पाहिजे, असंही वाटलं. मिस्त्रीने विचारलं, कडी किती उंचीवर? तिने टाचा उंचावून हात वर केला, आणि त्याने तिथे पेन्सिलीने खूण केली.

मग चांगले दिवस आले. दुपारी खारू झोपली की घरात गप्प व्हायचं, आणि त्या गप्पपणात दार सरकल्याचा एक मऊसा आवाज यायचा, पाटावरून पीठ सरकवावं तसा. हाक नाही. टक् नाही. ती स्वयंपाकघरातून वाकून बघायची, तर बाबा वेलाखालच्या खुर्चीत. बस गेली की डावा हात वर करायचे. एखादा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, मग त्या दिवशी रात्रीचं जेवण जास्त जायचं. तिने ताईंना मुद्दाम फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. न लिहिण्यातच सगळी मजा होती.

एका दुपारी ती चहा घेऊन बाहेर गेली, तर खुर्ची रिकामी.

वेलामागे नाही. कोपऱ्यात नाही. कुंपणाचं फाटक उघडं. चहाचा कप कुठे ठेवला ते नंतरही तिला आठवलं नाही. अनवाणी धावत ती रस्त्यावर आली, तर बाबा थांब्यापाशी उभे. एक रिकामी बस समोर थांबलेली, दार उघडं, आणि बाबा ड्रायव्हरशी बोलत होते. बाजूने गाड्या सूं सूं करत जात होत्या.

"बाबा! अहो, सांगून जायचं ना! पडलेबिडले असता म्हणजे?"

बोलल्यावर तिला ते शब्द ओळखीचे वाटले. पण छाती इतकी धडधडत होती की कुणाचे, ते तिने आठवू दिलं नाही.

"आलोच होतो की परत," बाबा म्हणाले. ड्रायव्हरने नजर दुसरीकडे वळवली, शाळेत दुसऱ्याला बोलणी बसताना मुलं वळवतात तशी. रात्री नवऱ्याला तिने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ताईंपर्यंत गेलं असतं, आणि ताईंनी "मी म्हणत नव्हते?" म्हटलं असतं, आणि ते ऐकून घेण्यापेक्षा तिला जीभ चावून घेणं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारूला न्हाऊ घालायचं होतं. खारूचे केस धुणं म्हणजे अर्ध्या घराची लढाई. न्हाणीघराचं दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. खारूला कडेवर घेऊन ती मागच्या खोलीतून जाता जाता थांबली. बाबा आपल्या खोलीत पेपर वाचत होते. तिने टाचा उंचावल्या आणि कडी सरकवली. पाणी तापेपर्यंतच, ती मनाशी म्हणाली. केस धुऊन होईपर्यंतच. रस्ता आहे, गाड्या आहेत. मी काय ताईंसारखी कायमची थोडीच लावतेय?

डोळ्यांत साबण गेला, आरडाओरडा झाला, पाण्याने दोघी भिजल्या, मग हसून हसून पोटात दुखेपर्यंत हसणं झालं. टॉवेलात गुंडाळलेलं ते गरम, ओलं गाठोडं घेऊन सूनबाई बाहेर आली, आणि तिला आवाज ऐकू आला.

टक्.

बाबा दारापाशी उभे होते. काठीचा पाय काचेच्या चौकटीला टेकलेला. मान वर. ते कडीकडे बघत होते. तिथपर्यंत हात पुरवायचा तर काठी सोडावी लागली असती, आणि काठी सोडून हात वर करायचा तर पायांनी साथ दिली नसती. हे त्यांनी केव्हाच ताडलं असावं. तरी त्यांनी हाक मारली नव्हती.

तिला पाहून ते वळले. बाहेर ऊन पडलं होतं, वेलाची सावली खुर्चीवर हलत होती.

"काही नाही, सूनबाई," ते म्हणाले. "दिसतंय की इथूनही."

आणि काठी टेकत टेकत आपल्या खोलीकडे निघाले.

खारूने टॉवेलातून ओलं डोकं बाहेर काढलं. आधी आजोबांच्या पाठीकडे पाहिलं, मग वर कडीकडे, मग आईच्या तोंडाकडे.

"आई, ती कडी माझ्यासाठी आहे ना? मी पळून जाऊ नये म्हणून?"

"हो गं राणी."

"पण मी तर तुझ्याबरोबर न्हात होते," खारू म्हणाली. "मग ती कुणासाठी लावलीस?"